नेटवर्क प्रवेश नियंत्रण व उपकरणांची निकषपूर्ती तपासणी : महाविद्यालयीन संदर्भात एक विवेचन

गोषवारा

महाविद्यालयाच्या नेटवर्कमध्ये कोणते उपकरण येऊ द्यावे, कोणते अडवावे आणि अडविलेल्या उपकरणाचे पुढे काय करावे, हे ठरविणाऱ्या यंत्रणेस नेटवर्क प्रवेश नियंत्रण असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या यंत्रणेची पार्श्वभूमी, तिची रचना, मांडणी करताना घ्यावयाचे निर्णय आणि उपकरणांच्या निकषपूर्ती तपासणीच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. वापरकर्त्याची ओळख पटणे आणि त्याचे उपकरण सुस्थितीत असणे या दोन भिन्न बाबी आहेत. तसेच, दुरुस्तीचा मार्ग उपलब्ध नसलेली तपासणी संस्थेच्या कामकाजालाच बाधक ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नेटवर्क प्रवेश नियंत्रण, निकषपूर्ती तपासणी, रेडियस, ८०२.१एक्स, विलगीकरण.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या एकाच नेटवर्कवरून आज परस्परांशी फारसा संबंध नसलेली अनेक कामे चालतात. कार्यालयातील प्रवेश व शुल्काच्या नोंदी, परीक्षा विभागातील गुणपत्रके, ग्रंथालयाची संगणकीय सूची, प्रयोगशाळेतील संगणक, प्राध्यापकांचे स्वतःचे लॅपटॉप, विद्यार्थ्यांचे मोबाईल, भिंतीवरील कॅमेरे व हजेरीची बायोमेट्रिक यंत्रे ही सर्व उपकरणे एकाच जाळ्याचे भाग असतात. भिंतीवरील सॉकेटमध्ये केबल लावली की नेटवर्क मिळते, अशी व्यवस्था अनेक ठिकाणी पूर्वापार चालत आली आहे. या व्यवस्थेत इमारतीत येऊ शकणारी प्रत्येक व्यक्ती नेटवर्कमध्येही येऊ शकते.

ही स्थिती बदलण्यासाठी प्रवेश नियंत्रणाची यंत्रणा बसविली जाते. ती प्रत्येक उपकरणाला दोन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न, हे उपकरण कोणाचे आहे? दुसरा प्रश्न, ते कोणत्या अवस्थेत आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पासवर्ड किंवा प्रमाणपत्राने मिळते. दुसऱ्याचे उत्तर निकषपूर्ती तपासणीने मिळते. तथापि, या दोहोंइतकाच महत्त्वाचा असलेला तिसरा प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे, उत्तर असमाधानकारक आल्यास पुढे काय?

परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका आंतरजालावरून उतरवून घेऊन केंद्रावरच तिच्या प्रती काढण्याची पद्धत विद्यापीठांत आता रूढ झाली आहे. अशा वेळी परीक्षा विभागातील संगणकास विषाणूची बाधा झालेली असणे जितके गंभीर, तितकेच परीक्षेपूर्वी अर्धा तास त्या संगणकास नेटवर्कने प्रवेश नाकारणेही गंभीर होय. यंत्रणेच्या हातून या दोन्ही चुका घडू शकतात. कोणत्या ठिकाणी कोणती चूक अधिक महाग पडेल हे ठरविणे तंत्रज्ञाच्या एकट्याच्या आवाक्यातील काम नाही. त्यामुळेच हा विषय सर्व प्राध्यापकवर्गाने समजून घेणे अगत्याचे आहे.

२. पार्श्वभूमी

प्रवेश नियंत्रणाची गरज प्रथम तीव्रतेने जाणवली ती २००३ साली. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर हा संगणक-किडा जगभर पसरला. त्याने ज्या दोषाचा लाभ घेतला त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी, प्रसिद्ध केली होती. त्याच वर्षी ११ ऑगस्टच्या सुमारास ब्लास्टर हा किडा पसरला. त्यासंबंधीची दुरुस्ती १६ जुलै रोजी उपलब्ध झाली होती. पुढे १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने धुमाकूळ घातला, तेव्हाही आवश्यक दुरुस्ती १४ मार्च रोजीच प्रसिद्ध झालेली होती. तिन्ही प्रसंगांत औषध आधीच तयार होते, पण असंख्य संगणकांपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. निकषपूर्ती तपासणीच्या कल्पनेचे मूळ या अंतरात आहे.

ब्लास्टरचा उपद्रव अमेरिकेतील विद्यापीठांना विशेष जाणवला, कारण त्याच सुमारास तेथील नवे शैक्षणिक वर्ष सुरू होत होते. सुटीत घरी असलेले हजारो संगणक विद्यार्थ्यांसोबत वसतिगृहात परतले. ब्लास्टरसाठी वापरकर्त्याने कोणतीही फाईल उघडण्याची आवश्यकता नव्हती; दुरुस्ती न केलेला संगणक नेटवर्कला जोडणे एवढेच पुरेसे होते. विद्यार्थी अधिकृत होता, त्याचा पासवर्डही बरोबर होता, परंतु त्याचा संगणक बाधित होता. ओळख आणि अवस्था या दोन बाबी वेगळ्या आहेत, याचा हा ठळक धडा होता.

यातूनच विद्यापीठांच्या परिसरात नोंदणीप्रधान यंत्रणांचा प्रसार झाला. टेक्सासमधील साउथवेस्टर्न विद्यापीठात विकसित झालेली नेटरेग ही प्रणाली नोंदणी न झालेल्या संगणकास केवळ नोंदणीचे पान दाखवीत असे. विद्यापीठांत वापरली जाणारी उत्पादने बनविणारी परफिगो ही कंपनी २००४ साली सिस्कोने विकत घेतली. मुक्त स्रोत क्षेत्रात पॅकेटफेन्स ही प्रणाली पुढे आली आणि ती आजही वापरात आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००८ सोबत नेटवर्क अ‍ॅक्सेस प्रोटेक्शन ही स्वतःची यंत्रणा आणली; परंतु विंडोज सर्व्हर २०१६ व विंडोज १० मधून ती काढून टाकण्यात आली. या यंत्रणेच्या अनुभवाचा विचार पुढे केला आहे.

३. प्रवेश नियंत्रणाची रचना

तारेच्या व बिनतारी अशा दोन्ही नेटवर्कवर प्रवेश नियंत्रणाचा पाया म्हणजे ८०२.१एक्स हे मानक. ते प्रथम २००१ साली प्रसिद्ध झाले आणि २००४, २०१० व २०२० साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. यात तीन पक्ष असतात. प्रवेश मागणारे उपकरण हा अर्जदार. ज्या स्विचला किंवा अ‍ॅक्सेस पॉइंटला ते जोडले जाते तो द्वारपाल. आणि निर्णय देणारा सर्व्हर हा तिसरा पक्ष. द्वारपाल स्वतः निर्णय घेत नाही. तो अर्जदाराचे म्हणणे सर्व्हरपर्यंत नेतो व सर्व्हरचा निर्णय अमलात आणतो. निर्णय येईपर्यंत त्या जोडणीवरून ओळखीसंबंधीच्या संदेशांखेरीज काहीही पुढे जाऊ दिले जात नाही.

द्वारपाल व सर्व्हर यांच्यातील संभाषण रेडियस या प्रोटोकॉलने होते. ओळख पटविण्यासाठी १८१२ आणि वापराच्या नोंदींसाठी १८१३ हे पोर्ट वापरले जातात. फ्रीरेडियस हा मुक्त स्रोत सर्व्हर यासाठी जगभर वापरला जातो. त्यामुळे मोठ्या खर्चाशिवायही महाविद्यालयास ही व्यवस्था उभारता येते.

ओळख पटविण्याच्या तीन पद्धती व्यवहारात आढळतात.

पहिली पद्धत पासवर्डची. यात सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो आणि त्यानंतर तयार होणाऱ्या सुरक्षित मार्गातून वापरकर्त्याचा पासवर्ड तपासला जातो. येथे एक सूचना आवर्जून पाळावी. उपकरणावर सर्व्हरच्या प्रमाणपत्राची पडताळणी बंद ठेवली, तर त्याच नावाचे बनावट वाय-फाय उभारणाऱ्यास वापरकर्त्यांच्या पासवर्डचा माग काढता येतो. ‘वाय-फाय लवकर जोडले जावे’ म्हणून ही पडताळणी बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो संपूर्ण व्यवस्थेस सुरुंग लावणारा आहे.

दुसरी पद्धत उपकरणावर ठेवलेल्या प्रमाणपत्राची. यात पासवर्ड नसल्याने तो चोरीस जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र प्रमाणपत्रे देणे, त्यांची मुदत सांभाळणे व हरवलेल्या उपकरणाचे प्रमाणपत्र रद्द करणे यांसाठी कायमस्वरूपी व्यवस्था लागते. कार्यालय व परीक्षा विभागातील मोजक्या संगणकांसाठी ही पद्धत सर्वांत योग्य होय.

तिसरी पद्धत उपकरणाच्या मॅक पत्त्याची. प्रिंटर, कॅमेरे व हजेरीची यंत्रे यांतील अनेक उपकरणे ८०२.१एक्सचे संभाषण करू शकत नाहीत. अशा उपकरणांचा मॅक पत्ता नोंदवून त्यांना प्रवेश दिला जातो. हा पत्ता गुप्त नसतो व त्याची नक्कलही सहज करता येते. म्हणून या पद्धतीने आलेल्या उपकरणास केवळ त्याच्या कामापुरती मोकळीक असावी. प्रिंटरच्या पत्त्याने आलेल्या उपकरणास गुणपत्रकांच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत असेल, तर तेथे प्रवेश नियंत्रण नाही असेच समजावे.

४. सर्व्हरची मांडणी करताना

सर्व्हरच्या मांडणीत पुढील बाबींकडे लक्ष देणे आवश्यक आहे.

अ) प्रत्येक स्विच व अ‍ॅक्सेस पॉइंटसाठी स्वतंत्र, लांब व यादृच्छिक सामायिक गुप्तशब्द असावा. सर्वत्र एकच शब्द वापरल्यास एका स्विचवरून मिळालेली माहिती सर्व नेटवर्कला बाधक ठरते.

आ) जुलै २०२४ मध्ये ब्लास्टरेडियस या नावाने रेडियसमधील एक मूलभूत दोष उघडकीस आला. रेडियसने एमडी५ या कालबाह्य पद्धतीवर विसंबून राहिल्यामुळे, मार्गात बसलेल्या हल्लेखोरास नकाराचे रूपांतर होकारात करणे शक्य होते. ८०२.१एक्सच्या संभाषणात मेसेज-ऑथेंटिकेटर ही खूण बंधनकारक असल्याने तेथे हा हल्ला लागू पडत नाही. परंतु मॅक पत्त्यावर आधारित तपासणीस तो लागू पडू शकतो. म्हणून सर्व्हर व स्विच यांची प्रणाली अद्ययावत करून ही खूण सर्वच संदेशांसाठी सक्तीची करावी. शक्य असल्यास रेडियसची वाहतूक टीएलएसच्या सुरक्षित मार्गातून न्यावी.

इ) निर्णयासोबत सर्व्हरने उपकरणाचा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधील आभासी कप्पा, कळवावा. त्यासाठी टनेल-टाइप, टनेल-मीडियम-टाइप व टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी ही तीन वैशिष्ट्ये पाठविली जातात. पहिल्याचे मूल्य १३, दुसऱ्याचे ६ आणि तिसऱ्यात कप्प्याचा क्रमांक किंवा नाव असते. यांतील एखादे राहून गेल्यास उपकरणास होकार मिळतो, पण ते चुकीच्या कप्प्यात जाऊन पडते. हा दोष शोधण्यास वेळ लागतो, कारण सर्व्हरच्या नोंदीत सर्व काही सुरळीत दिसते.

ई) सर्व्हर दोन असावेत. दोन्ही बंद पडल्यास द्वारपालाने काय करावे, याचा निर्णय आधीच स्विचवर नोंदवून ठेवावा. प्रयोगशाळेच्या स्विचवर अशा वेळी मर्यादित प्रवेश देणे इष्ट ठरेल. वसतिगृहात प्रवेश रोखणे चालू शकेल. हा पर्याय न नोंदविल्यास स्विचच्या मूळ मांडणीत जे असेल तेच घडेल.

उ) सर्व्हर व उपकरणे यांची घड्याळे जुळलेली असावीत. घड्याळ मागे-पुढे झाल्यास वैध प्रमाणपत्रही मुदतबाह्य ठरते.

५. निकषपूर्ती तपासणी : पुरावा कशाचा?

उपकरणाची अवस्था तपासण्याचे तीन मार्ग आहेत. उपकरणावर बसविलेला तपासनीस प्रोग्राम आतून माहिती देतो. उपकरण व्यवस्थापनाची सेवा आपल्याकडील नोंदींवरून उपकरण निकषांनुसार आहे किंवा नाही हे सांगते. तिसऱ्या मार्गात नेटवर्कवरून बाहेरूनच उपकरणाची पाहणी केली जाते. कार्यप्रणाली कोणती व कोणत्या आवृत्तीची आहे, दुरुस्त्या किती दिवसांपूर्वी बसविल्या, अँटिव्हायरस चालू आहे काय, फायरवॉल उघडी आहे काय, डिस्क सांकेतिक केलेली आहे काय, हे सर्वसाधारण निकष होत.

येथे एक मूलभूत मर्यादा ध्यानी घ्यावयास हवी. आतून केलेली तपासणी म्हणजे उपकरणाने स्वतःविषयी केलेले निवेदन असते. बाधित संगणकावरील प्रोग्रामच आपण निरोगी असल्याचे सांगत असेल, तर त्या निवेदनाचे मूल्य किती? मायक्रोसॉफ्टने आपल्या नेटवर्क अ‍ॅक्सेस प्रोटेक्शन यंत्रणेविषयी, ती हेतुपुरस्सर फसविणाऱ्यांपासून नेटवर्कचे रक्षण करण्यासाठी नाही, असे स्वतःच स्पष्ट केले होते. प्रामाणिक वापरकर्त्याचा दुर्लक्षित संगणक शोधून काढणे हा तिचा उद्देश होता. आजच्या यंत्रणांत संगणकातील टीपीएम या सुरक्षा-चिपच्या साहाय्याने काही बाबींची साक्ष घेता येते. त्यामुळे निवेदनाचे बळ वाढते; तथापि निवेदन व पुरावा यांतील अंतर पूर्णपणे मिटत नाही. म्हणून निकषपूर्ती तपासणीकडे चोर पकडण्याचे साधन म्हणून न पाहता, आरोग्य तपासणी शिबिराप्रमाणे दुर्लक्ष हेरण्याचे साधन म्हणून पाहावे.

दुसरी महत्त्वाची बाब अशी की, तपासणीचे निकाल दोन नसून तीन असतात : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि अज्ञात. नवे उपकरण, प्रोग्राम न बसविलेले उपकरण, व्यवस्थापन सेवेशी अनेक दिवस संपर्क न झालेले उपकरण ही सर्व ‘अज्ञात’ या वर्गात मोडतात. या वर्गाचे काय करावयाचे हे संस्थेने ठरविले नाही, तर यंत्रणेची मूळ मांडणी ते परस्पर ठरविते. उदाहरणार्थ, मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून सेवेच्या मूळ मांडणीनुसार ज्या उपकरणास कोणतेही धोरण नेमून दिलेले नाही ते निकषांनुसार असल्याचे गृहीत धरले जाते. ज्याची तपासणीच झाली नाही तो उत्तीर्ण, असा याचा अर्थ होतो. अशी सेवा वापरणाऱ्या संस्थेने हा पर्याय प्रथम पाहावा व विचारपूर्वक बदलावा. मात्र बदलण्यापूर्वी धोरण न नेमलेली उपकरणे किती आहेत याची यादी काढावी, अन्यथा एकाच दिवशी अनेकांचा प्रवेश बंद होईल.

तिसरी बाब निकालाच्या ताजेपणाची. सकाळी उत्तीर्ण झालेला संगणक दुपारी बाधित होऊ शकतो. सत्र चालू असतानाच उपकरणाचा कप्पा बदलण्याची सोय रेडियसच्या एका विस्तारात आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या विस्तारामुळे सर्व्हर स्वतःहून स्विचला निरोप देऊ शकतो. त्यासाठी ३७९९ हे पोर्ट वापरले जाते. स्विचवर ही सोय सुरू केलेली नसल्यास व्यवस्थापन सेवेने उपकरणास अनुत्तीर्ण ठरविले, तरी पुढील जोडणीपर्यंत ते पूर्वीच्याच कप्प्यात राहते. दुरुस्त झालेले उपकरणही त्याच कारणाने विलगीकरणात अडकून पडते.

६. निकष ठरविण्याचे सूत्र

निकषांची यादी लांबविणे सोपे असते. परंतु प्रत्येक निकष ही कोणाची तरी अडवणूक असते, याचे भान ठेवावे. विंडोज १० या प्रणालीचे उदाहरण येथे बोलके आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. ‘कार्यप्रणालीस निर्मात्याचा आधार असावा’ हा निकष तर्कशुद्ध आहे. तथापि जुने संगणक असलेल्या महाविद्यालयाने तो पूर्वतयारीविना लागू केल्यास, त्या तारखेनंतर एखादी प्रयोगशाळा संपूर्णपणे नेटवर्कबाहेर फेकली जाऊ शकते. निकष मागे घेणे हे त्यावरील उत्तर नव्हे. अशा संगणकांसाठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्या घेणे, दुसरी कार्यप्रणाली बसविणे, किंवा बाहेरील आंतरजालाशी संबंध न ठेवणारा स्वतंत्र कप्पा देणे, यांपैकी एक मार्ग आधी निवडावा व मगच निकष लागू करावा.

प्रत्येक निकषाबाबत पुढील चार प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत : हा निकष कोणत्या धोक्यापासून वाचवितो? त्याची माहिती कोणत्या मार्गाने मिळते? तो पूर्ण न झाल्यास किती दिवसांनी व कोणता परिणाम होतो? दुरुस्ती कोण व कशी करणार? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर तो निकष केवळ निरीक्षणापुरता ठेवावा.

उपकरणांच्या वर्गांनुसार निकषही भिन्न असावेत. परीक्षा विभाग व कार्यालयाच्या संगणकांना प्रमाणपत्र व सर्व निकष लागू करावेत. मात्र परिणामापूर्वी सूचना व मुदत द्यावी आणि पर्यायी संगणक सज्ज ठेवावा. प्रयोगशाळेतील संगणकांची तपासणी केंद्रीय व्यवस्थापनातून व्हावी. प्राध्यापक व विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या उपकरणांना ओळख व किमान आवृत्ती एवढेच निकष लावून त्यांना आंतरजाल व अध्ययन-सामग्रीपुरता प्रवेश द्यावा. कॅमेरे व प्रिंटर यांना स्वतंत्र कप्पे असावेत.

या संदर्भात एड्युरोम सेवेचे उदाहरण उद्‍बोधक आहे. भारतात ही सेवा अर्नेट इंडियामार्फत चालविली जाते. सहभागी संस्थेतील व्यक्ती दुसऱ्या सहभागी संस्थेत गेल्यास तिची ओळख तिची मूळ संस्थाच पटविते. यजमान संस्थेस ओळखीची हमी मिळते. उपकरणाच्या अवस्थेची हमी मिळत नाही. म्हणून पाहुण्यांचा कप्पा अंतर्गत सर्व्हरपासून वेगळा ठेवणे क्रमप्राप्त ठरते.

७. विलगीकरण : शिक्षा की उपचार?

अनुत्तीर्ण उपकरणास ज्या कप्प्यात ठेवले जाते त्यास विलगीकरण कप्पा म्हणता येईल. त्याची मांडणी हा या संपूर्ण यंत्रणेतील सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. अद्ययावत दुरुस्त्या नाहीत म्हणून संगणकास विलगीकरणात टाकले आणि तेथून दुरुस्त्यांच्या सर्व्हरपर्यंत जाण्याचा मार्गच ठेवला नाही, तर तो संगणक कधीही उत्तीर्ण होऊ शकणार नाही. या कप्प्यातून पत्ता मिळविण्याची व नावे शोधण्याची सेवा, कार्यप्रणाली व अँटिव्हायरसच्या दुरुस्त्यांचे सर्व्हर, व्यवस्थापन सेवा, वेळ जुळविणारा सर्व्हर आणि मदतीचे पान एवढे सुरू असलेच पाहिजे. मात्र कप्प्यातील उपकरणे परस्परांशी बोलू शकणार नाहीत याची दक्षता घ्यावी. अन्यथा बाधित संगणक शेजाऱ्यासही बाधित करील.

मदतीच्या पानावर उपकरण नेमके कोणत्या निकषात कमी पडले, वापरकर्त्याने काय करावे, त्यास अंदाजे किती वेळ लागेल व अडचण आल्यास कोणत्या खोलीत कोणास भेटावे, हे सुबोध मराठीत असावे. ‘प्रवेश नाकारला’ एवढाच मजकूर दाखविणारे पान वापरकर्त्यास पळवाट शोधावयास प्रवृत्त करते. मोबाईलचा हॉटस्पॉट ही अशी पळवाट सर्वांजवळ असते. संगणक तिच्यामार्गे बाहेर गेला की त्याच्या दुरुस्तीवर व वापरावर संस्थेचे कोणतेही लक्ष उरत नाही. आणखी एक तांत्रिक बाब अशी की, सुरक्षित संकेतस्थळाकडे निघालेल्या वापरकर्त्यास मधूनच मदतीच्या पानाकडे वळविल्यास ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. नेटवर्कचा पत्ता देतानाच या पानाचा पत्ता कळविण्याची पद्धत २०२० साली प्रमाणित झाली असून, जी उपकरणे ती पाळतात त्यांच्यापुरती ही अडचण दूर होते.

८. अंमलबजावणीचे टप्पे

यंत्रणा टप्प्याटप्प्याने लागू करावी. पहिला टप्पा निरीक्षणाचा. यात तपासणी होते, निकाल नोंदविले जातात, पण कोणासही अडविले जात नाही. दुसऱ्या टप्प्यात ओळख न पटलेल्या उपकरणांना मर्यादित प्रवेश दिला जातो. तिसऱ्या टप्प्यात संपूर्ण नियंत्रण लागू होते.

निरीक्षणाचे महत्त्व एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, महाविद्यालयात रोज ६०० उपकरणे जोडली जातात आणि तपासणी १०० पैकी २ निर्दोष उपकरणांना चुकीने अनुत्तीर्ण ठरविते. हे प्रमाण अल्प वाटते. परंतु त्याचा अर्थ रोज १२ निर्दोष वापरकर्ते अडविले जातील. प्रत्येकाची तक्रार निवारण्यास २० मिनिटे लागली, तर एका तंत्रज्ञाचे रोजचे ४ तास यातच खर्च होतील. बहुसंख्य महाविद्यालयांत तंत्रज्ञ एक किंवा दोनच असतात. ज्या तपासणीचा भार पेलण्याइतके मनुष्यबळ नाही ती काही दिवसांतच शिथिल केली जाते, आणि शिथिल केलेली तपासणी कागदावर मात्र चालूच राहते. म्हणून निरीक्षणाच्या काळात चुकीच्या नकारांचे प्रमाण मोजावे व ते हाताळण्याजोगे झाल्यावरच पुढील टप्पा गाठावा.

टप्पा बदलण्याची तारीख शैक्षणिक दिनदर्शिका पाहून ठरवावी. प्रवेशप्रक्रिया, परीक्षा व निकालाचे आठवडे वर्ज्य करावेत. आणीबाणीच्या प्रसंगी एखाद्या उपकरणास तात्पुरती सवलत देण्याचा अधिकार कोणास आहे, हे लेखी असावे. अशा सवलतीस समाप्तीची तारीख असावी व तिची नोंद राहावी. मुदत नसलेल्या सवलती साचत गेल्या की धोरणाला अर्थ उरत नाही.

९. नोंदी व खाजगीपणा

ही यंत्रणा कोण, केव्हा, कोणत्या इमारतीत व कोणत्या उपकरणासह जोडले गेले याची नोंद ठेवते. नोंदींची आवश्यकता कायदेशीरही आहे. सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन करणे आणि सायबर घटना ६ तासांच्या आत कळविणे अपेक्षित आहे. आपली संस्था यांतील कोणत्या वर्गात येते हे प्रत्येक महाविद्यालयाने तपासून घ्यावे. त्याचबरोबर या नोंदी व्यक्तिगत माहिती असल्याने २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमही विचारात घ्यावा लागतो. सुरक्षेसाठी जमविलेल्या नोंदींचा उपयोग प्राध्यापकांची हजेरी किंवा विद्यार्थ्यांच्या हालचाली तपासण्यासाठी होऊ लागल्यास यंत्रणेवरील विश्वास ढासळतो. नोंदी कोण पाहू शकेल व केव्हा नष्ट केल्या जातील, हे धोरणातच नमूद असावे.

स्वतःच्या उपकरणांबाबत आणखी संयम हवा. वैयक्तिक मोबाईलवर संस्थेचा तपासनीस प्रोग्राम सक्तीने बसविणे हे त्या व्यक्तीच्या खाजगी आयुष्यात डोकावण्यासारखे होईल. शिवाय, २०१९ च्या अँड्रॉइड १० व २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाईल प्रत्येक वाय-फायसाठी निराळा, यादृच्छिक मॅक पत्ता वापरतात. त्यामुळे मॅक पत्त्यावर आधारलेली जुनी नोंदणी पद्धती मोबाईलसाठी विश्वासार्ह राहिलेली नाही. खाजगी उपकरणास कमी विचारावे व कमी द्यावे, हेच धोरण उभयपक्षी हिताचे आहे.

१०. समारोप

प्रवेश नियंत्रण सर्व धोक्यांवरील उपाय नव्हे. फसव्या ई-मेलला बळी पडून स्वतःच पासवर्ड देणाऱ्यास ते वाचवू शकत नाही. आत आलेल्या उपकरणाने पुढे काय केले हेही ते पाहत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शून्य-विश्वास रचनेच्या दस्तऐवजात, नेटवर्कच्या आत असणे हा विश्वासाचा आधार मानू नये, अशी भूमिका मांडली आहे. या दृष्टीने द्वारावरील तपासणी ही सुरक्षेची पहिली पायरी होय.

महाविद्यालयाने यंत्रणा खरेदी करण्यापूर्वी एक छोटी समिती नेमावी. तीत तंत्रज्ञाबरोबर परीक्षा विभाग, ग्रंथालय, कार्यालय व प्राध्यापक यांचे प्रतिनिधी असावेत. समितीने आधी उपकरणांची यादी व वर्ग ठरवावेत, प्रत्येक निकषासाठी उपरोक्त चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत, विलगीकरण कप्प्यातून एखादा संगणक प्रत्यक्ष दुरुस्त होऊन बाहेर येतो काय हे पडताळावे आणि मगच ‘नकार’ सुरू करावा. उपकरणे अडविण्याची क्षमता विकत घेता येते. अडविलेल्या वापरकर्त्यास त्याच दिवशी कामावर परत आणण्याची क्षमता मात्र संस्थेस स्वतःच उभी करावी लागते, आणि यंत्रणेचे यश तिच्यावरच अवलंबून असते.